थोरली

मागचा फाळका नवा आहे.
जुना बर्फाच्या पाण्यानं खाल्ला.
सव्वीस उन्हाळे लाद्या, गोणपाट, लाकडाचा भुसा,
आणि लग्नघर येईपर्यंत
चौथा हिस्सा माल रस्त्यावर ठिबकलेला.
दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत ओली रेघ पडायची.
बाबा कुठे वळलेत ते आई
रेघेवरून सांगायची, ती सुकेपर्यंत.

फार्गो. छप्पन सालची.
माझ्या सात वर्षं आधी घरात आली
म्हणून ती थोरली.
मी एकुलती एक,
शाळेच्या दाखल्यावर हेमांगिनी,
घरात धाकटी.
पाहुणे विचारायचे, मोठी कुठे दिली?
बाबा खिडकीबाहेर बोट दाखवायचे.

वीज बोर्डाची ग्रॅच्युइटी तिच्या पोटात गेली.
रेडिएटर राजकोटहून. काच मापानं कापून.
दोन वर्षं बॉनेटखाली कुणाचे ना कुणाचे पाय दिसत होते.
शेवटी रंग, पातळ ताकासारखा निळसर,
आणि मग एवढंच राहिलं: नाव.

प्रतापनगरच्या पुलाखाली जशुभाई पंचाल
हातकरवतीनं पितळ कापतात.
अक्षराचे साडेतीनशे.
मी कागदावर लिहून दिलं.
‘थोरली एटले शुं?’
मोटी, म्हटलं.
‘तो मोटी लखो ने, बेन. बे अक्षर. सस्तुं पडशे.’

आठ दिवसांनी वर्तमानपत्राच्या पुडक्यात
थ, काना, मात्रा, र, ल, वेलांटी.
कडा कानशीनं घासलेल्या,
पाठीवर बारीक आट्यांचे खिळे.
फाळक्यावर मांडून बघितली.
सगळं होतं, आणि बोडकं होतं.

जशुभाई, वरची रेघ?
‘कई रेघ?’

बरोबरच आहे.
त्यांची अक्षरं मोकळी उभी राहतात,
शेजारी शेजारी, कुणाला न धरता,
कुणाचं काही अडत नाही.
मीही बँकेत, बसमध्ये, वाण्याच्या यादीत
जन्मभर बिनरेघेची.
बाबांची बर्फाची वहीसुद्धा तसलीच,
फक्त शेवटच्या पानावर माझी उंची,
दर दिवाळीला, रेघ मारून, मराठीत.

पितळ संपलं होतं.
मी घरून बॉनेटची जुनी पट्टी आणली,
बसवायची राहून गेलेली. एका टोकाला वाकडी.
घासली तर क्रोमखाली पितळच निघालं.
जशुभाईंनी ती ऐरणीवर सरळ केली,
मग थोडी जास्तच सरळ झाली म्हणून
परत थोडी वाकवली.

नव्या रंगात भोकं पाडायची.
चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिल.
पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका कडेला जाऊन बसला,
गल्लीच उतरती.
मग एक डोळा मिटून, दहा पावलं मागे जाऊन,
सायकलवाल्यांच्या शिव्या खात, अंदाजानं.
पहिलं भोक पडताना मी दुसरीकडे पाहिलं,
माझे कान टोचताना आईनं पाहिलं होतं तसं.

रेघेचे किती झाले?
‘ए क्यां अक्षर छे?’
पैसे घेतले नाहीत.

‘ली’च्या पुढे चार बोटं पट्टी उरली.
कापूं?
राहू दे, म्हटलं.
त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पट्टीकडे पाहिलं
आणि करवत फडक्यात गुंडाळली.

दिवेलागणीला गाडी गल्लीतून उलटी काढायची होती.
स्टिअरिंगवर जशुभाईंचा धाकटा,
मी फाळक्याच्या कडेला,
त्या उरलेल्या चार बोटांवर तळहात,
पितळ दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट.
आठ वर्षांची असल्यापासून हे काम माझंच.
तोंडातून आपोआप निघालं:
येऊ दे. येऊ दे.
थोडी डावीकडे घे. येऊ दे.

पोरगा आरशात गोंधळून बघत होता.

बास, म्हटलं.
तो थांबला.